ताज्या कापाची धूळ

नागपूरच्या नंदनवन भागात जगनाडे चौकाच्या आसपास कुठे ना कुठे घराचं काम चालूच असतं. ओट्याचा ग्रॅनाइट कापायला मिस्त्री कटर लावतो आणि क्षणात त्याच्या भुवया पांढऱ्या होतात. मला धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या धुळीची.

ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, असते. कन्हानची रेतीही बरीचशी तीच. पोरं रेतीच्या ढिगावर दिवसभर खेळतात, त्यांना काही होत नाही. मग कटरखाली आल्यावर या गारगोटीचं असं काय होतं?

एक तर ती अतिबारीक होते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे कण चार-पाच मायक्रॉनहूनही लहान. दोन मायक्रॉनचा कण बंद खोलीतल्या अगदी स्थिर हवेत डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला तासाहून जास्त वेळ घेतो! कटर थांबतो, मिस्त्री तिथेच डबा उघडतो आणि धूळ अजून तरंगतच असते.

दुसरी गोष्ट मला फार विलक्षण वाटते. दगड फुटतो तेव्हा सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तुटतात आणि ताज्या कापाचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या खवळलेला असतो. ताजी धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त विषारी ठरते ती यामुळेच. फुप्फुसातल्या रक्षक पेशी हा कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुप्फुसात वण साचत जातात. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही.

दगडादगडात फरक आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, त्या बेसाल्टमध्ये सुटी गारगोटी जवळपास नसतेच. उलट ओट्यासाठी मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, 90 टक्क्यांपर्यंत असू शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा फरशीवर बंदीच घातली.

तोंडाला बांधलेला नागपुरी दुपट्टा उन्हाला पुरतो. पण धुळीचे हे बारीक कण त्याच्या विणीतून आरपार जातात. पाण्याने मात्र खूप फरक पडतो. पात्यावर मिनिटाला अर्धा लिटर पाण्याची धार धरली तरी बरीचशी धूळ उडण्याआधीच चिखल होते. यंत्र मात्र ओल्या कामासाठीच बनवलेलं हवं आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा, नाहीतर शॉकचा धोका. पाणी चालत नसेल तिथे धूळ खेचणारा व्हॅक्यूम आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क. हा खर्च घरमालकाने आणि ठेकेदाराने करायचा. रोजंदारीवरच्या माणसावर तो टाकणं मला अन्याय्य वाटतं.

आणि मिस्त्रीला खोकला लागला, दम लागू लागला, तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप आणि किती वर्षं दगड कापला हे आधी सांगावं. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस टीबीसारखा दिसू शकतो. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे तपासणी दोन्हींची व्हायला हवी.