पालथे झोपून सायकल : फायदे किती, तोटे किती?

सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन. तिला पेट्रोल लागत नाही, बिघडली तर गल्लीतही दुरुस्त होते. याच सायकलीचा एक अजब प्रकार आहे. त्यात स्वार सीटवर बसत नाही, पोटावर पालथा पडतो. डोके पुढे, पाय मागे! वेल्डिंग शिकलेल्या आपल्या भोर-वेल्ह्याच्या एखाद्या मुलाला वाटेल, हे तर आपणही बनवू. म्हणून तिचे बरेवाईट समजून घेऊ.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांचे सायकलचे दुकान बुडाले होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी सायकल घडवली, तिला कपडे धुण्याच्या यंत्राची बेअरिंग बसवली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे, हात छातीखाली दुमडून, त्यांनी एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. १९९४ साली जागतिक सायकल संघटनेने त्या पद्धतीवर बंदी घातली. तरी गडी थांबला नाही. २०१३ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात, कवच लावलेल्या सायकलवर पूर्ण पालथे पडून त्यांनी ताशी सुमारे ९१ किलोमीटर वेग गाठला. खांद्यांच्या टेकूसाठी त्यांनी जुने पातेले कापले होते!

यातले गुपित काय? वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. पालथ्या माणसाला हवा कमी अडते. खांद्यांना टेकू मिळाल्याने पायांना जोर लावता येतो. सीटचा त्रासही राहत नाही.

आता तोटे पाहा. मान सतत वर धरावी लागते, ती अवघडते. छातीवर भार आल्याने दम घेणे जड जाते. धडक झाली तर पहिला मार डोक्याला. सायकल बुटकी असल्याने ट्रकच्या किंवा एसटीच्या ड्रायव्हरला ती चटकन दिसत नाही. थांबताना पाय जमिनीला टेकवणे कठीण.

आणि आपला मुलूख कसा? नसरापूरहून वेल्ह्याकडे जा किंवा भोरहून वरंधा घाटाकडे, चढ-उतार सुटत नाहीत. चढावर वेग इतका कमी असतो, की हवा फारशी अडवतच नाही. अडवते ते वजन. तिथे पायडलवर उभे राहून जोर द्यावा लागतो, आणि पालथ्या माणसाला उभे राहता येत नाही. उतारावर वेग मिळेल, पण वळणावर अचानक म्हैस आडवी आली तर? पावसाळ्यात पुढच्या चाकाचा चिखल थेट तोंडावर. शिवाय कॅरिअरवर तांदळाचे पोते नाही, की शाळेला निघालेली धाकटी बहीण नाही.

तेव्हा रोजच्या वापराला ही सायकल नको. कोणाला बनवायचीच असेल तर जरूर बनवावी. पण मोकळ्या मैदानात, हेल्मेट घालून, दोन्ही ब्रेक तपासून आणि वडीलधाऱ्यांसमोर चालवावी. रस्त्यावर मात्र साधीच सायकल बरी. चाकात हवा पुरेशी भरा, चेनला तेल द्या, वारा समोरून आला की कोपर वाकवून थोडे खाली वाका. ओब्रींच्या विद्येतला एवढा भाग फुकट मिळतो.

आणि आईबाबांनो, मुलगा जुने लोखंड गोळा करून काही जोडत बसला, तर त्याला भंगारवाला म्हणू नका. सायकल रस्त्यावर नेऊ देऊ नका, पण त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका.