अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरचं सगळं काम अर्ध्या मिलिमीटरच्या आत चालतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळण देण्याचं जवळजवळ दोनतृतीयांश काम हा पडदा करतो. म्हणून त्याची गोलाई किंचित बदलली तरी नंबर बदलतो. मायनस नंबरच्या डोळ्यात कॉर्निया मधोमध थोडा सपाट करायचा, की प्रकाश नेमका मागच्या पडद्यावर पडू लागतो. मात्र कॉर्नियाच्या मधल्या थरातून काढलेलं ऊतक पुन्हा उगवत नाही. ऑपरेशनचा फायदा आणि धोका, दोन्हींचं मूळ इथेच आहे.

लेसरच्या आधी हे काम ब्लेडने व्हायचं. १९७०च्या दशकात मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत लोकप्रिय केली. चष्मे सुटले, लोक खूश झाले. पण अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा ४३ टक्के डोळे एक किंवा त्याहून जास्त नंबराने प्लसकडे सरकलेले आढळले. मे १९९६मध्ये एव्हरेस्टवर गेलेले डॅलसचे डॉक्टर बेक वेदर्स यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. उंचावरच्या विरळ हवेत चिरा दिलेल्या कॉर्नियाचा आकार बदलला आणि शिखराच्या वाटेवरच त्यांना दिसेनासं झालं. ते तिथेच थांबले आणि पुढे वादळात सापडले. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखाली कापावा लागला. आजच्या लेसरला ही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. तरी एक गोष्ट त्यातून दिसते: ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यातलं समाधान खरं असलं, तरी कॉर्निया पुढे कसा वागेल याची खात्री त्यातून मिळत नाही.

लेसरचा शोध डोळ्यांसाठी लागलाच नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे एक्सायमर लेसरवर काम करत होते. श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकलेले. नोव्हेंबर १९८१मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या जेवणातून उरलेली टर्की प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर १९३ नॅनोमीटरचे अतिनील झोत सोडले. साध्या लेसरने मांस करपतं. इथे मात्र स्वच्छ, धारदार खाच पडली आणि शेजारच्या पेशींना धग लागली नाही. या किरणांची ऊर्जा रेणूंमधले बंधच तोडते आणि एका स्पंदात मायक्रॉनचा अंशभर थर उडतो. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत ही खाच कॉर्नियावर पाडून दाखवली. पुढे क्रीटचे इयोआनिस पालिकारिस यांनी आधी पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेसर चालवायचा आणि पापुद्रा पुन्हा बसवायचा, ही लेसिकची रीत रूढ केली. वेदना कमी आणि दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसणार, त्यामुळे लेसिक जगभर पसरलं.

आता आकडेमोड. पापुद्रा साधारण ११० मायक्रॉनचा. तो परत बसतो, पण कॉर्नियाच्या मजबुतीत त्याचा वाटा पूर्वीसारखा राहत नाही. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर घालवायला सुमारे १२ मायक्रॉन ऊतक जातं. प्रत्यक्षात थोडं जास्तच. कॉर्निया ५४०चा आणि नंबर मायनस सहा असेल, तर पापुद्रा आणि लेसर मिळून १८२ मायक्रॉन वजा होतात. खाली ३५८ उरतात, म्हणजे हिशेब आरामात बसतो. दुसऱ्या एखाद्याचा कॉर्निया ४८०चा आणि नंबर मायनस नऊ असेल, तर २१८ जातात आणि २६२ उरतात. किमान २५० शिल्लक राहावेत, या जुन्या दंडकात हे जेमतेम बसतं. पण कॉर्नियाच्या जाडीपैकी ४५ टक्के भाग कामी आला, आणि चाळीसच्या वर गेलं की धोका वाढतो, असं अलीकडचे तज्ज्ञ मानतात. नंबर किंवा कॉर्निया मनासारखा नसेल, तर पापुद्रा न उचलता पृष्ठभागावरच लेसर चालवणारी पीआरके, किंवा कॉर्नियाला जवळपास न छेडता डोळ्यात बसवायची लेन्स, हे पर्याय असतात. पीआरकेनंतर काही दिवस डोळे चांगलेच दुखतात. पण कुस्ती-बॉक्सिंगसारखे खेळ खेळणाऱ्यांना पापुद्रा सरकण्याची भीती राहत नाही.

कॉर्निया जास्त पातळ होण्याचा धोका म्हणजे एक्टेशिया. कमकुवत झालेला कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो आणि नजर वेडीवाकडी होते. जर्मनीचे थिओ सायलर हे डोळ्यावर एक्सायमर लेसर चालवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. लेसिकनंतरच्या या फुगवट्याची नोंदही त्यांनीच १९९८मध्ये केली. पुढे रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाशाने कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार उभा राहिला, त्यातही त्यांचा वाटा होता. आपल्याच क्षेत्रातल्या तंत्रामुळे होणारं नुकसान उघडपणे मांडणारे असे डॉक्टर असले, की शास्त्रावरचा विश्वास वाढतो.

एक्टेशिया दुर्मीळ आहे. पण ज्यांना केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया आपोआप शंकूसारखा होत जाण्याचा आजार, सुप्तावस्थेत असतो, त्यांच्यात एक्टेशिया होण्याची शक्यता फार वाढते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा. नागपूर परिसरातल्या खेड्यांमध्ये तिशी ओलांडलेल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २.३ टक्के लोकांचा कॉर्निया केराटोकोनसच्या निकषात बसला. निकष फक्त वक्रतेचा होता, त्यामुळे आकडा काहीसा फुगलेला असू शकतो. तरीही अमेरिकेतल्या मिनेसोटात पूर्वी मिळालेल्या, लाखात सुमारे ५५ या प्रमाणापेक्षा तो कितीतरी मोठा आहे. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळण्याची सवय या आजाराशी जोडलेली आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या पेंटाकॅमसारख्या तपासणीला, म्हणजे कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या बाजूंच्या आणि जाडीच्या पूर्ण नकाशाला, पर्याय नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तपासणीआधी काही दिवस ती बंद ठेवायला हवी, कारण लेन्सच्या दाबाने हा नकाशा बदलतो. या तपासणीनंतर ‘तुमच्यासाठी हे नाही’ असं सांगणारा डॉक्टर रुग्णाचं मोठं नुकसान टाळत असतो.

ज्यांचा हिशेब बसतो, त्यांचं काय? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या नौदलासह दोन अभ्यास केले, त्यांचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलयं, चमक किंवा दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीतरी नव्याने जाणवत होतं. ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते, त्यांपैकी २८ टक्क्यांना कोरडेपणाची लक्षणं आली. रोजच्या कामात फार अडचण आलेले मात्र एक टक्क्याहूनही कमी होते. हे सगळे आकडे एकत्र वाचले पाहिजेत. समाधानी रुग्णालाही रात्री गाडी चालवताना वलयं दिसू शकतात, आणि हे आधी सांगितलेलं असेल तर तो ते सहज स्वीकारतो. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, त्या भरून यायला महिने लागतात. कोरडेपणाचं हे एक मोठं कारण. मोजक्या लोकांना नसांची वेदना दीर्घकाळ छळते. डॉक्टरांना डोळा ‘चांगला’ दिसत असतानाही ती खरी असते आणि तिची दखल घ्यायलाच हवी.

दुसऱ्या पारड्यातही धोका आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि लेन्स घालून झोपणाऱ्यांत तो कितीतरी पट वाढतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुणारे तर डोळ्याशी खेळच करतात. लेन्सशिवाय ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी लेसिक हा हिशेबी निर्णय ठरू शकतो. नासाने २००७पासून अंतराळवीरांना लेसर शस्त्रक्रियेची परवानगी दिली आहे. साधा चष्मा मात्र सगळ्यात निर्धोक आहे. लग्न ठरवताना मुलीच्या चष्म्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी निरोगी कॉर्नियावर लेसर चालवणं लेखकाला पटत नाही.

विशीच्या आत घाई करू नये. किमान वर्षभर नंबर स्थिर हवा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबावं. लेसर झालं तरी पंचेचाळिशीच्या आसपास वाचायला चाळिशी लागतेच. मायनस नंबरचा डोळा आतून लांबट असतो, तो तसाच राहतो. त्यामुळे मागचा पडदा सुटण्याचा धोका कायम असतो आणि वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा लागतो. लेसरने पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो, काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या लेन्सचा नंबर काढणंही अवघड जातं, कारण नेहमीची सूत्रं मूळ कॉर्निया गृहीत धरून बनलेली असतात. तेव्हा ऑपरेशनच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांचे कागद रुग्णालयातून मागून घ्यावेत, आणि वीस-तीस वर्षांनी नवीन डॉक्टरकडे जाताना ती फाइल सोबत न्यावी.