देवघरातली पोथी किती जुनी?

रेणापूरकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात रुमालात बांधलेली हस्तलिखित पोथी निघाली की घरचे छातीठोक सांगतात, ‘सातशे वर्षांची आहे!’ पुरावाही असतो. ज्ञानेश्वरी असेल तर शेवटी शके 1212, म्हणजे इ.स. 1290 लिहिलेलं. पण ते साल ग्रंथ पूर्ण झाल्याचं. नक्कल करणाऱ्याने बाकीच्या ओव्यांबरोबर तीही ओवी उतरवली. त्याचं स्वतःचं साल त्याखाली, समाप्तीच्या मजकुरात शोधायचं: शक, संवत्सर, तिथी, कधी गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव. तिथे शके 1700 असेल तर 78 मिळवा. पोथी 1778च्या सुमाराची. ती लिहिली गेली तेव्हा पेशवाई चालू होती. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूतल्या शके 1110चंही असंच. साल नसेल, तर कागद आणि अक्षराचं वळण पाहूनच अंदाज करावा लागतो.

अक्षर लागलं नाही की ‘मोडी आहे’ म्हणून पोथी बाजूला पडते. मोडी मुख्यतः पत्रांची, हिशेबाची, दफ्तराची. धर्मग्रंथ बहुधा बाळबोधीतच असतात. शब्द न तोडता ओळ सलग धावते, म्हणून आपण अडखळतो. खरी गूढ लिपी महानुभावांची. सकळ लिपीत त्यांनी अक्षरांची अदलाबदल केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती उलगडली, तेव्हा कुठे ते वाङ्मय बाहेरच्यांना वाचता आलं.

‘भूर्जपत्रावरची पोथी’ हेही ऐकीवच. आपल्याकडच्या बहुतेक पोथ्या हातकागदावरच्या. असा कागद खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात बनत असे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी मात्र सुमारे चाळीस फूट लांब कापडावर पंचीकरण लिहिलं. ती पासोडी म्हणजे अपवादच.

पानावरचा प्रत्येक पिवळा पट्टा बुरशीचा नसतो. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. हरताळात आर्सेनिक असतं, तेव्हा थुंकी लावून पानं उलटू नयेत.

जीर्ण पोथी नदीत सोडणं मला तरी पुण्य वाटत नाही. ग्रंथाची ती एकुलती प्रत असू शकते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. आणि लाखोंच्या आशेने परदेशी गिऱ्हाईक शोधण्याआधी हे पाहावं: ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, किमान 75 वर्षं जुनं हस्तलिखित 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.