दलाल स्ट्रीटवरचा मनोरा तिथेच का?

मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस आला की अडते, व्यापारी, जिनिंगवाले, हमाल एकाच आवारात का जमतात, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुंबईच्या जुन्या फोर्ट भागात, दगडी इमारतींच्या दाटीत, शेअर बाजाराची २९ मजली, सुमारे ११८ मीटर उंच इमारत का उभी राहिली, याचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

शेअरचा धंदा मुंबईत फोफावला तोही कापसाच्या पैशावर. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यातून उठलेला सट्टा १८६५ साली युद्ध संपताच कोसळला. टाऊन हॉलजवळ वडाखाली सौदे करणारे दलाल मात्र टिकून राहिले. १८७४ च्या सुमारास ते दलाल स्ट्रीटवर स्थिरावले; पुढच्याच वर्षी त्यांची संघटना झाली. त्यांच्यातले बडे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईच्या नावाने राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. आज तो आपला वारसा आहे. त्या काळी तोही नवा, टोलेजंग आणि एका शेअर दलालाच्या पैशाचाच होता, हे विसरू नये.

शंभर वर्षांनी दलालांनी स्वतःसाठी मनोरा बांधला. १९८० साली पुऱ्या झालेल्या या इमारतीला १९६६ पासून बाजाराचे अध्यक्ष असलेल्या फिरोज जीजीभॉय यांचं नाव मिळालं. समुद्रात भर घातलेल्या नरिमन पॉइंटवर तेव्हा नवे टॉवर उठत होते. मग तिकडे का नाही? कारण सौदा तोंडी होता. सौद्याच्या दालनात, म्हणजे रिंगमध्ये, उभं राहून, ओरडून, हातवारे करून भाव ठरायचा. कागदी शेअर हातोहात फिरायचे. दलालांच्या पेढ्या आसपासच्या गल्ल्यांत, बँका आणि रिझर्व्ह बँक चालत जाण्याच्या अंतरावर. बाजार दूर नेला असता तर रोजचं कामच अडलं असतं. जागा चिंचोळी, माणसं वाढलेली; उरली ती उंची.

शेजारच्या इमारतींशी हा मनोरा जुळत नाही, आणि मला ते खटकतं. पण तो तिथे असण्यामागे खरी गरज होती, हेही मान्य करायला हवं. ती गरज १९९५ साली सरली: त्या वर्षी बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले, रिंग ओस पडली. त्याच वर्षी बृहन्मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावलीही आली, पण मनोरा तोवर उभा राहून गेला होता. राष्ट्रीय शेअर बाजार तर सुरुवातीपासूनच पडद्यावर चालला. त्याला दलाल स्ट्रीटच्या शेजाराची गरजच नव्हती, आणि त्याचं मुख्यालय पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं.