धूम्रपानाची वहिवाट

मोगल बादशहा जहांगीर याने इ. स. १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई करणारे फर्मान काढले, आणि इराणच्या शहा अब्बासानेही आपल्या मुलखात तसाच निर्बंध घातला होता. परंतु जहांगीराचा इराणच्या दरबारी गेलेला वकील खान आलम हा तंबाखूवाचून क्षणभरही राहू शकत नाही, अशी रदबदली जेव्हा शहाकडे झाली, तेव्हा बंदी घालणाऱ्या त्याच शहाने एक शेर लिहून या एका गृहस्थापुरती सवलत मंजूर केली, ही हकीकत जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवली आहे. असदबेग नावाच्या सरदाराने विजापुराहून तंबाखू आणून ती अकबरापुढे नजर केली, त्याला तेव्हा पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती. एवढ्या अवधीत ती वनस्पती दोन राज्यांच्या हुकमांना पुरून उरली, याचे कारण खान आलमच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या मेंदूत शोधणे आज अधिक सयुक्तिक ठरेल.

धुराबरोबर फुप्फुसात गेलेले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील पेशींवर ॲसिटिलकोलीन या शरीराच्याच एका रसायनाकरिता ग्राही असतात, आणि निकोटिनची घडण त्या रसायनाशी इतकी मिळतीजुळती की हा तोतया बिनदिक्कत त्याच्या जागी जाऊन बसतो. मग डोपामाइन स्रवते, आणि मन क्षणभर निवांत होते. ही घुसखोरी नित्याची झाली म्हणजे मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो; पण रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येत असल्यामुळे वाढलेले ग्राही लवकरच रिकामे पडतात आणि तगादा सुरू करतात. त्या तगाद्याला आपण तल्लफ म्हणतो. सिगारेट ओढणारा ज्याला सुख समजतो, ते बह्वंशी आधीच्या सिगारेटीने निर्माण केलेल्या उणिवेची भरपाई असते. ऋणकोच्याच घरातून नेलेले धान्य त्याला उसने देऊन वर उपकार मिरवणाऱ्या सावकारासारखा हा व्यवहार आहे.

सिगारेट सोडल्यावर शरीर मात्र आश्चर्यकारक तत्परतेने आपला जमाखर्च सुधारू लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आवेगाने चिकटतो, तरी चार-पाच तासांत तो निम्मा होतो आणि एक-दोन दिवसांत बहुतेक निघून जातो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात. साचलेला कफ वर ढकलला जाऊन खोकला काही दिवस उलट वाढतो, आणि ‘सोडल्यापासूनच तब्येत बिघडली’ असा गैरसमज होण्यास एवढे निमित्त पुरते. चिडचीड, निद्रानाश, अस्वस्थता ही पहिल्या आठवड्यात टोकाला जातात व तीन-चार आठवड्यांत ओसरतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफीनचा निकाल झपाट्याने लावीत असते, आणि धूर थांबताच तो वेग मंदावून तेच कॅफीन रक्तात अधिक वेळ रेंगाळते. सिगारेटीची उणीव चहाने भरून काढण्याच्या नादात मी रोज सहा-सात कप रिचवीत होतो, आणि छातीतील धडधडीचे सारे खापर बिचाऱ्या संयमाच्या माथी फोडीत होतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत तर असे दिसले आहे, की ते वाढलेले ग्राही सुमारे सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येतात. म्हणजे तीन महिन्यांत सावकाराचे खाते रसायनाच्या दृष्टीने बंद होते.

मग वर्षभराने, पाच वर्षांनी माणूस पुन्हा का ओढतो?

महसुली दप्तरात वहिवाट नावाची मोठी चिवट वस्तू असते. शेत कागदोपत्री कोणाच्याही नावावर असो, बांधावरून वर्षानुवर्षे लोक गेले म्हणजे त्या वाटेवर ते हक्क सांगू लागतात, आणि मालकाने पुढे काट्यांचे कुंपण घातले तरी वाट पुसली जात नाही, केवळ अडते. दिवसाला दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके एवढाच हिशेब धरला, तरी वीस वर्षांत सात लाखांवर झुरके होतात, आणि त्यांतील प्रत्येक झुरका कशाला ना कशाला जोडलेला असतो: जेवणानंतरची सुपारी, कचेरीबाहेरची टपरी, पहिल्या पावसाचा वास, मित्राचे विशिष्ट हसणे. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत हेच दिसले होते. ठराविक आवाजानंतर अन्न देणे बंद केले की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते. परंतु मध्ये विश्रांती जाऊन तोच आवाज पुन्हा झाला, तर ती पुन्हा सुटते. जुनी शिकवण नष्ट होत नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. आणि ही नवी शिकवण जेथे मिळाली त्या जागेशी फार बांधलेली असते, म्हणूनच घरात सहा महिने निर्धास्त राहिलेला माणूस जुन्या सोबत्यांच्या बैठकीत पहिल्याच संध्याकाळी ‘एकच मारू’ म्हणतो. तो एक झुरका विषाच्या मात्रेने क्षुल्लक खरा, पण वहिवाट सिद्ध करायला एक पाऊलही पुरावा म्हणून चालते.

या वाटेचा एक मुक्काम तर शास्त्रज्ञांना सापडलाही आहे. मेंदूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची सिगारेट एकाएकी, विनासायास सुटली, आणि पुढे ओढावीशीही वाटली नाही, असे २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. देहाच्या आतल्या संवेदनांची जाणीव जेथे होते, तेथेच तल्लफही वस्तीला असावी, असे त्यावरून वाटते. ज्यांचा इन्सुला शाबूत आहे, त्यांना केवळ इच्छाशक्तीच्या बळावर झगडायला सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. मदतीवाचून सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. अशीच एक मदत म्हणजे निकोटिनचा च्युइंगम. पाणबुडीत धूम्रपान वर्ज्य असल्याने स्वीडनचे खलाशी तंबाखू चघळीत, ही गोष्ट ध्यानात घेऊन १९६७ नंतर तेथे त्यावर काम झाले. आपल्याकडे मात्र सिगारेट सोडून तंबाखू-चुन्याची डबी खिशात ठेवणारे लोक याच न्यायाचा दाखला देतात, तेव्हा त्यांना तोंडाच्या कर्करोगाची आठवण करून देणे भाग पडते.

‘आता या वयात सोडून काय साधणार?’ या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश वैद्यक-संशोधक रिचर्ड डॉल यांच्या कामात आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे मूळ रस्त्यांच्या डांबरात असावे, अशा अटकळीने ते लंडनच्या इस्पितळांत चौकशीला लागले आणि चौकशी चालू असतानाच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५१ साली त्यांनी व ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनच्या डॉक्टरांनाच पत्रे पाठविली, आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची नोंद पुढे पन्नास वर्षे ठेवली गेली. तिचा निष्कर्ष असा, की आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी दहा वर्षे जातात. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यांतील तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ वर्षे परत मिळतात, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सगळीच.

माझ्या वाटेला कुंपण घालून अकरा वर्षे झाली. सोडणाऱ्यांना आपण विसरून सिगारेट ओढल्याची स्वप्ने पडतात, हे संशोधकांनी नोंदविले आहे, आणि ज्यांना ती पडतात ते अधिक टिकतात असेही त्यांना आढळले. गेल्या श्रावणात मी असाच दचकून उठून बसलो.

‘‘अहो, काय झालं?’’ सौभाग्यवतींनी विचारले.

‘‘सिगारेट ओढली.’’

‘‘कधी?’’

‘‘आत्ताच. तुझ्या भावाच्या लग्नात.’’

‘‘त्या लग्नाला तीस वर्षं झाली,’’ असे म्हणून त्यांनी कूस बदलली.