गटात नाव आहे, पण काम कोणते?

अंजनवेलचा वीज प्रकल्प आपण सर्वांनी बाहेरून पाहिला आहे. १९६७ मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प कोणा एका इंजिनिअरने उभा केलेला नाही. पायाचा जाणकार वेगळा, टर्बाइनचा वेगळा, जेटीचा वेगळा. एकाचा आकडा चुकला की दुसऱ्याचे काम अडते. ही सवय लागावी म्हणूनच डिप्लोमा व इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाला मिळून एखादे यंत्र तयार करावे लागते. यालाच ‘प्रोजेक्ट’ म्हणतात.

आपली मुले अशा गटात जातात तेव्हा अनेकदा काय होते? मराठी शाळेतून आलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा मुलगा मागे राहतो. त्याच्याकडे सामान आणणे आणि झेरॉक्स काढणे येते. मुलीला ‘तुझे अक्षर चांगले’ म्हणून अहवाल लिहायला बसवतात. आराखडा मात्र दुसरेच काढतात. मग तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, ‘हीच मोटर का निवडली?’ वर्षभर राबलेले आपले मूल गप्प! पुढे नोकरीच्या मुलाखतीतही हाच प्रश्न येतो.

गटाने काम कसे करावे, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. तेथील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह तयार केला. वजन जेमतेम एक किलो, आकार दहा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याएवढा. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोच्या अग्निबाणाने तो इतर १९ उपग्रहांबरोबर अवकाशात नेला. या कामाला सुमारे आठ वर्षे लागली. शिक्षण मात्र चार वर्षांचे! म्हणजे सुरुवात करणारे पदवी घेऊन गेले आणि काम पुढच्यांनी पूर्ण केले. एक किलोत बॅटरी, संदेशयंत्रणा, संगणक, सांगाडा सारे बसवायचे. बॅटरीवाल्याने वजन वाढवले तर ते दुसऱ्याच्या वाट्यातून जाणार. अशा कामात नुसते आपले काम करून भागत नाही. ते का तसे केले, हे दुसऱ्याला समजावून सांगावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांनीही हेच करावे. पहिल्याच दिवशी कोणाकडे कोणता भाग, हे कागदावर लिहून घ्यावे. सामानाचा खर्च किती व वर्गणी किती, तेही आधीच ठरवावे. नंतर घरी पैसे मागताना संकोच होतो. सामान जरूर आणावे, पण आराखड्याचा एक भाग आपल्याकडे मागून घ्यावा. रोजचे काम तारखेसह वहीत नोंदवावे. कोणी अंग चोरत असेल तर ती वही घेऊन मार्गदर्शक सरांना वेळीच सांगावे. शेवटच्या आठवड्यातील भांडणाने काही साधत नाही.

आणि आई-वडिलांनो, आपण शिकलो नाही म्हणून गप्प बसू नका. मूल सुट्टीत घरी आले की विचारा, ‘बाळा, त्या यंत्रात तुझा भाग कोणता? तो कसा चालतो?’ जे मूल आईला साध्या मराठीत समजावून सांगू शकते, ते परीक्षकासमोर अडखळणार नाही.