भडभुंज्याची वाळू आणि सूर्याची भट्टी

मालेगावच्या बाजारात भडभुंज्याची भट्टी तुम्ही पाहिली असेलच. कढईत तापलेली वाळू, तीत मूठभर हरभरे, आणि झाऱ्याने चाललेली भराभर ढवळाढवळ! थोड्याच वेळात खमंग फुटाणे तयार होतात. हरभऱ्यांना उष्णता कोणी पोचविली? वाळूच्या कणांनी. तळाशी तापलेला कण वर येतो आणि हरभऱ्याला टेकून आपली उष्णता त्याला देतो. कण म्हणजे जणू उष्णतेचा हमालच!

असा हमाल सूर्याच्या भट्टीलाही लागतो. मालेगावहून मनमाड-येवल्यावरून शिर्डीला जाता येते. तेथील प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली ७३ मोठे अंतर्गोल आरसे बसविण्यात आले. आरशांनी एकवटलेले ऊन शोषकावर पडते, त्यातील पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर अन्न शिजते. येथे हमाल आहे पाणी.

स्वयंपाकाला एवढी उष्णता पुरते. पण विजेसाठी तापमान जितके जास्त तितके चांगले. काही देशांत त्यासाठी वितळलेले क्षार वापरतात. मात्र ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचे विघटन होऊ लागते. वाळूसारख्या कणांना ही अडचण नाही. म्हणून अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत एका मनोऱ्यावर चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे बारीक कण पडद्यासारखे खाली सोडतात आणि जमिनीवरील आरशांनी त्यांवर ऊन एकवटतात. मध्ये नळीची भिंत नाही. ऊन थेट कणांवर पडते. अशा चाचण्यांत कणांचे तापमान ७०० अंशांच्या वर गेले आहे.

पण खरी मेख पुढेच आहे. कण १ मीटर पडायला किती वेळ घेतो? फक्त ०.४५ सेकंद! उंची चौपट, म्हणजे ४ मीटर केली, तर वेळ चौपट होईल का? नाही. तो दुप्पटच, म्हणजे ०.९ सेकंद होतो. कारण पडताना वेग वाढत जातो. वेग वाढला की पडदा विरळ होतो आणि ऊन कणांमधून निसटते. बरे, पडदा दाट केला तर मागचे कण पुढच्यांच्या सावलीत राहतात! यावर उपाय म्हणजे वाटेत जाळ्या ठेवणे. कण तेथे अडखळतात, त्यांचा वेग मोडतो आणि ते उन्हात जास्त वेळ राहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तापलेले कण उष्णतारोधक कोठारात साठविले, तर सूर्य मावळल्यावरही त्यांच्या उष्णतेवर वीज निर्माण करता येते. मालेगावचे यंत्रमाग रात्रीही खडखडत असतात, नाही का?

करून पाहा : उन्हात पांढरा कागद उभा धरा. त्याच्यापुढे कोरडी बारीक वाळू मुठीतून हळूहळू सोडा. धारेची सावली वर दाट आणि खाली फिकट का दिसते, याचे उत्तर आता तुम्हीच द्या!